पुरस्कारांच्या यादीत नसलेलं घर

२३ सप्टेंबर २०२५. दिल्लीचं विज्ञान भवन. साडी नेसलेली चिमुकली त्रिशा ठोसर राष्ट्रपती द्रौपदी मुर्मू यांच्या हातून राष्ट्रीय चित्रपट पुरस्कार घ्यायला मंचावर गेली आणि सभागृहात टाळ्यांचा कडकडाट झाला. ही चित्रफीत जगभर फिरली. हीथ्रो विमानतळाच्या कुशीतल्या हाउन्सलोमधल्या मराठी माणसालाही ती बघून भरून यावं, अशीच होती. पण ज्या चित्रपटासाठी तिला हा पुरस्कार मिळाला, तो 'नाळ २' प्रदर्शित झाला होता नोव्हेंबर २०२३ मध्ये. शाबासकी पोचेपर्यंत जवळजवळ दोन वर्षं उलटली होती, आणि लहान मुलाच्या आयुष्यात दोन वर्षं फार मोठी.

या ७१व्या राष्ट्रीय पुरस्कारांत मराठीचा वाटा खरोखर भरघोस होता. बालकलाकाराचा पुरस्कार पाच जणांत विभागला गेला, त्यातले चौघं मराठी चित्रपटांतले: 'नाळ २'मधले त्रिशा, श्रीनिवास पोकळे आणि भार्गव जगताप, शिवाय 'जिप्सी'चा कबीर खंदारे. 'नाळ २' सर्वोत्कृष्ट बालचित्रपट ठरला, सुजय डहाके यांचा 'श्यामची आई' सर्वोत्कृष्ट मराठी चित्रपट, आणि 'आत्मपॅम्फ्लेट'साठी आशिष बेंडे यांना पदार्पणाचा पुरस्कार मिळाला. ही नावं एका ओळीत वाचली की एक गोष्ट लक्षात येते. जवळपास सगळीकडे केंद्रस्थानी लहान मूल आहे.

हे आजचं नाही. राष्ट्रपतींचं पहिलं सुवर्णपदक १९५४ मध्ये आचार्य अत्र्यांच्या 'श्यामची आई'ला मिळालं. पुढे 'श्वास', 'फँड्री', 'नाळ', 'सुमी' अशी ही वाट सुरूच राहिली. बालपण पडद्यावर आणावं ते मराठीनंच, हे मान्य करायला हवं. 'फँड्री'तला जब्या तर जातीच्या भिंतीवर थेट दगड भिरकावतो. पण 'देऊळ'नं श्रद्धेचा बाजार दाखवला, 'कोर्ट'नं न्यायालयातला कंटाळाच आरोपीसारखा उभा केला, 'कासव'नं नैराश्याशी हळुवारपणे संवाद साधला. हे तिन्ही देशातले सर्वोत्कृष्ट चित्रपट ठरले, आणि तिन्ही मोठ्या माणसांचे होते. 'कासव' २०१६ सालचा. त्यानंतर ७१व्या पुरस्कारांपर्यंत तो मान मराठीकडे परतला नाही. आजच्या प्रौढ मराठी माणसाचं जगणं, त्याचं कर्ज, त्याचं स्थलांतर, त्याचं एकटेपण यांकडे आपला चित्रपट पुरेशा धिटाईनं बघत नाही, हेच त्यामागचं दुखणं आहे.

स्थलांतराचंच बघा. अलीकडे मराठी चित्रपटांची पथकं चित्रीकरणासाठी ब्रिटनला वारंवार येतात. 'झिम्मा'तल्या बायका तर सहलीलाच आल्या होत्या, आणि त्या चित्रपटानं प्रेक्षकांना मनापासून हसवलं. त्यात काही वावगं नाही. मात्र या देशातलं मराठी घर, जिथं आई कामावरून थकून येते, आजीला हिवाळा सोसत नाही आणि पोरं मराठी प्रश्नाला इंग्रजीत उत्तर देतात, ते घर राष्ट्रीय पुरस्कारांच्या मराठी यादीत अजून आलेलं नाही.

पंजाबी घर मात्र पडद्यावर आलं, आणि तेही हाउन्सलोचंच! गुरिंदर चढ्ढा यांच्या २००२च्या 'बेंड इट लाइक बेकहॅम'मधली जेस फुटबॉलसाठी जीव टाकते आणि आईचा हट्ट असतो की पोरीला स्वयंपाक यायलाच हवा. घराच्या छपरावरून विमानं घरघरत जातात. हाउन्सलोत राहणाऱ्याला तो आवाज वेगळा सांगावा लागत नाही. हा चित्रपट बाफ्टाच्या उत्कृष्ट ब्रिटिश चित्रपटाच्या नामांकनात होता.

तो पुरस्कार त्या वर्षी मिळाला आसिफ कपाडिया यांच्या 'द वॉरियर'ला. इरफान खान त्याचा नायक, भाषा हिंदी. ब्रिटननं तोच ऑस्करसाठी पाठवला तेव्हा हिंदी ही ब्रिटनची भाषा नव्हे, म्हणून तो नाकारला गेला. पुढे चित्र पालटलं. २०२४ मध्ये ब्रिटननं संध्या सुरी यांचा 'संतोष' हा हिंदी चित्रपट ऑस्करला पाठवला, तो स्वीकारला गेला आणि अंतिम नामांकनाआधीच्या पंधरा चित्रपटांच्या यादीतही आला. दार उघडलंय. उद्या इथल्या एखाद्या मुलीनं आपल्या घरातली मराठी, त्यातल्या इंग्रजीच्या भेसळीसकट, पडद्यावर आणली, तर तो चित्रपट परक्या भाषेतला म्हणून बाजूला पडेलच असं नाही.

ब्रिटनमधल्या मराठी मंडळांनी यासाठी एवढं तरी करावं. गणेशोत्सवात आणि दिवाळीत नाच-गाण्यांसोबत एक संध्याकाळ पुरस्कारप्राप्त मराठी चित्रपटांसाठी राखून ठेवावी, इंग्रजी उपशीर्षकांसह, म्हणजे इथं वाढलेल्या मुलांनाही 'कोर्ट' कळेल आणि 'फँड्री' बोचेल. एखादा मुलगा कॅमेरा मागत असेल, तर त्याला आधी नोकरीचा हिशेब ऐकवू नये.

असा हिशेब न करता, घरदार पणाला लावून दादासाहेब फाळके १९१२ मध्ये लंडनला आले. 'बायोस्कोप' साप्ताहिकाच्या संपादकांच्या ओळखीनं ते वॉल्टनच्या सेसिल हेपवर्थ यांच्या स्टुडिओत पोचले, तिथलं काम त्यांनी डोळ्यांत साठवलं, विल्यम्सन कॅमेरा विकत घेतला आणि पुढच्या वर्षी त्यांचा 'राजा हरिश्चंद्र' मुंबईच्या कॉरोनेशन चित्रपटगृहात लागला. परेश मोकाशींच्या 'हरिश्चंद्राची फॅक्टरी'त ही सगळी खटपट आहे. मंडळांनी पहिला खेळ त्याचाच लावावा. वॉल्टन हाउन्सलोहून मोटारीनं फार लांब नाही.