अर्ध्या सेकंदाचा चेंडू

दूरदर्शनवर १९९३ साली रविवारी सकाळी लागणारी मोगलीची मालिका आजच्या बऱ्याच शिक्षकांनी लहानपणी पाहिली असेल. गाणे गुलजारांचे, संगीत विशाल भारद्वाजांचे आणि शेरखानचा आवाज आमच्या रायगड जिल्ह्यातल्या मुरुडचे नाना पाटेकर यांचा. ही मालिका जपानमध्ये १९८९ साली तयार झाली होती, हे तेव्हा फार थोड्यांच्या ध्यानात आले असेल. पुढे डोरेमॉन आला, शिनचॅन आला, आणि आता आठवी-नववीची मुले वहीच्या मागच्या पानावर मोठ्या डोळ्यांचे चेहरे काढतात व त्याबद्दल बोलणी खातात. या मालिकांवर शाळांमधून तीन आक्षेप ऐकू येतात : मारामारी फार, आरडाओरडा फार आणि विज्ञानाचा पत्ता नाही. पहिले दोन वेगळ्या लेखाचे विषय आहेत. तिसरा मात्र आपल्या अंगणातला आहे, तो तपासून पाहू.

त्यासाठी उदाहरण घेऊ ‘सूरज : द रायझिंग स्टार’चे. ही २६ भागांची हिंदी मालिका डिसेंबर २०१२ पासून कलर्स वाहिनीवर दाखवली गेली. जपानची टीएमएस आणि हैदराबादची डीक्यू या कंपन्यांनी ती मिळून केली. नायक मुंबईतल्या गरीब वस्तीतला मुलगा, खेळ क्रिकेट. पण मूळ कथा बेसबॉलची. इक्की काजिवारा यांनी लिहिलेली आणि नोबोरू कावासाकी यांनी चित्रित केलेली ‘क्योजिन नो होशी’ ही मांगा, म्हणजे चित्रकथा, १९६६ ते १९७१ या काळात जपानमधल्या एका साप्ताहिकात क्रमशः येत होती. १९६८ पासून तिची ॲनिमे मालिका झाली, १८२ भागांची.

या कथेत एक चेंडू फेकायला कधीकधी अख्खा भाग लागतो. मोठी माणसे हसतात ती इथेच. हसण्यापूर्वी थोडे गणित करू. क्रिकेटमध्ये ताशी १३० किलोमीटर वेगाने टाकलेला चेंडू सेकंदाला सुमारे ३६ मीटर जातो. गोलंदाजाच्या हातापासून बॅटपर्यंतचे अंतर धरा १८ मीटर. म्हणजे सगळा खेळ अर्ध्या सेकंदाचा. चित्रपटात सेकंदाला २४ चौकटी असतात, तेव्हा अर्ध्या सेकंदाला १२. पण ओसामू तेझुका यांनी १ जानेवारी १९६३ ला ‘तेत्सुवान आतोमू’ ही साप्ताहिक मालिका सुरू केली, तेव्हा दर आठवड्याला अर्धा तास भरेल इतकी चित्रे काढायला ना पैसा होता ना माणसे. म्हणून एकच चित्र तीन-तीन चौकटींना वापरण्याची रीत जपानी मालिकांत रुळली. बारा भागिले तीन, चार. चेंडूच्या साऱ्या प्रवासाला चित्रे मिळतात चार!

(जाता जाता : या चार चित्रांतून हालचाल दिसते ती केवळ डोळ्यात प्रतिमा रेंगाळते म्हणून, असे आपण वर्गात सांगतो. तेवढे पुरेसे नाही. दोन चित्रांमधली जागा भरून काढतो तो मेंदू.)

चार चित्रांत थरार कसा उभा करायचा? चित्रकारांनी तो चेंडूकडून काढला आणि माणसाकडे नेला. चेंडू हवेत थांबतो. मग फलंदाजाचा डोळा, कपाळावरचा घाम, मनातले विचार, कुठल्याशा पावसाळी रात्रीची आठवण. मांगामध्ये हे आधीपासून होतेच, कारण कागदावर काळ पुढे सरकतो तो वाचणाऱ्याच्या नजरेच्या वेगाने. गरज म्हणून स्वीकारलेली ही स्थिरता मुलांना धरून ठेवते असे माझे मत आहे. पडद्यावर विचार करायला वेळ मिळतो. आणि विचार तरी कशाचा? समोरच्या माणसाने हे केले कसे, याचा.

मूळ कथेतला नायक ह्यूमा एकामागून एक तीन अद्भुत चेंडू शोधून काढतो. पहिला फलंदाजाच्या बॅटवरच नेम धरून टाकलेला, म्हणजे उडालेला चेंडू झेलून त्याला बाद करायचे. दुसरा वाटेत दिसेनासा होतो. तिसरा संथ, बॅटला हुलकावणी देणारा. प्रतिस्पर्धी हे चमत्कार म्हणून सोडून देत नाहीत. ते पाहतात, अंदाज बांधतात, पडताळतात, चुकतात, पुन्हा बांधतात. दिसेनासा होणारा चेंडू धुळीच्या आवरणात लपतो, म्हणून पाण्यापुढे त्याचे काही चालत नाही. तिसरा चेंडू फिरत्या बॅटने ढकललेल्या हवेवर बाजूला सरकतो, म्हणून दमल्या हातांनी फिरवलेली बॅटच त्याला लागते. हे खुलासे चूकच आहेत. आमच्या न्हावा शेवाच्या रस्त्यावर कंटेनरचा ट्रेलर भरधाव गेला, की धूळ कुठे राहते ते कुणाही पोराला विचारा. मागे राहते. सेकंदाला चाळीस मीटर जाणाऱ्या चेंडूभोवती ती पांघरुणासारखी टिकणार कशी? पण उत्तर चुकले म्हणून प्रश्न अशास्त्रीय ठरत नाही. ‘पाणी पडले तर काय होईल?’ असे विचारणारा खेळाडू आपल्या प्रयोगवहीतल्या ठरावीक अनुमानांपेक्षा विज्ञानाच्या जास्त जवळ आहे.

आता रूपांतराकडे. बेसबॉलचे क्रिकेट करणे वरवर सोपे वाटते. प्रत्यक्षात कोडेच बदलते. बेसबॉलमध्ये बॅटला मुद्दाम चेंडू लावणे हे नवल. क्रिकेटमध्ये बॅटची कड घेऊन स्लिपमध्ये झेल जावा म्हणून प्रत्येक जलद गोलंदाज रोज तेच करू पाहतो. बेसबॉलच्या फलंदाजाला तीन संधी, त्यामुळे प्रत्येक चेंडू द्वंद्वयुद्ध होतो. आपला फलंदाज चेंडू सोडून देऊन दिवसभर उभा राहू शकतो. शिवाय आपला चेंडू टप्पा घेतो आणि खेळपट्टी हा तिसरा पक्ष मध्ये येतो. क्रिकेटची खरी कोडी इथे आहेत : शिवणीचा कोन, एका बाजूची झळाळी, चेंडूला चिकटून वाहणारा हवेचा थर दोन बाजूंनी वेगवेगळ्या ठिकाणी सुटणे. कोड्याभोवती कथा रेंगाळायला हवी, पण १८२ भागांच्या जागी २६ भाग म्हटल्यावर रेंगाळायला जागा कुठली? रूपांतराचा मोठा तोटा मला इथे दिसतो.

एक बदल मात्र विचारपूर्वक केलेला आहे. मूळ कथेतला बाप कोवळ्या पोराच्या अंगावर स्प्रिंगांचा साज चढवून त्याला सराव करायला लावतो. ‘सूरज’मध्ये स्प्रिंगांच्या जागी सायकलच्या ट्यूब आल्या. साज मवाळ झाला, बाप तोच राहिला. पोराच्या शिकवणी वर्गांचे वेळापत्रक भिंतीवर लावणाऱ्या पालकांना हा बाप आवडण्याचा धोका आहे. त्यांना मूळ कथेचा शेवट सांगावा : तिसऱ्या चेंडूपायी ह्यूमाचा डावा हात कायमचा निकामी होतो. लेखकाने किंमत लपवलेली नाही. आणि शिवाजी पार्कवर रमाकांत आचरेकर सर यष्टीवर रुपयाचे नाणे ठेवत. फलंदाजाला बाद करील त्याचे नाणे, नाबाद राहिला तर फलंदाजाचे. सचिन तेंडुलकरने अशी तेरा नाणी जपून ठेवली. कठोर सराव असाही असतो.

उरण-पनवेलकडे गावोगाव टेनिसच्या चेंडूवर सामने रंगतात. तो चेंडू लवेचा, त्याला क्रिकेटच्या चेंडूसारखी उठावाची शिवण नसते. त्याच्या अर्ध्या भागावर वायरमन वापरतात ती चिकटपट्टी घट्ट, सुरकुती न पाडता गुंडाळावी. चेंडू कुणीकडे वळेल आणि का, हे प्रत्येकाने टाकण्याआधी लिहून ठेवावे. मग दहा चेंडू पट्टी डावीकडे ठेवून, दहा उजवीकडे ठेवून टाकावेत. वाऱ्याची दिशाही नोंदवावी, इथे खाडीवरून वारा येतो. कुणाला हे सगळे चित्रकथेतून मांडायचे असेल तर वहीचे मागचे पान आहेच.