'महावंसा'तील दीड माणूस

सिंहलद्वीपाच्या प्राचीन इतिहासाचा विचार 'महावंस' या पाली ग्रंथावाचून होऊ शकत नाही. इसवी सनाच्या पाचव्या-सहाव्या शतकांच्या सुमारास अनुराधपूरच्या महाविहारात तो रचला गेला; परंपरा कर्त्याचे नाव महानाम असे सांगते. टर्नर (१८३७) व गायगर (१९१२) यांच्या भाषांतरांनंतर तो बखरीसारखा वाचण्याचा परिपाठ पडला, आणि दुट्ठगामणी व एळार यांचे इसवी सनापूर्वी दुसऱ्या शतकातील युद्ध सिंहल-तमिळ वैराचे जणू मूळपत्र ठरले. श्रीलंकेतील १९८३ ते २००९ या काळातील यादवीनंतर तरी हे वाचन तपासून घेणे अगत्याचे आहे.

मूळ ३७ अध्यायांपैकी २२ ते ३२ हे ११ अध्याय दुट्ठगामणीचे आहेत. पण एळाराशी झालेले युद्ध त्यांतील एका पंचविसाव्यातच आटोपते. पुढचे सहा विहार, प्रासाद व महास्तूप यांच्या उभारणीत रमतात. चोल देशातून आलेल्या एळाराचे वर्णनही द्वेषमूलक नाही. ४४ वर्षे राज्य करणारा हा राजा न्यायदानात शत्रुमित्र समान लेखतो. गायीने घंटा वाजवून दाद मागताच, तिचे वासरू रथाखाली मारणाऱ्या स्वतःच्या पुत्रास तो तीच शिक्षा देतो. दुट्ठगामणीही त्याच्या दहनस्थानी चैत्य बांधून पूजेची आज्ञा करतो.

तथापि एवढ्यावरून कवीला निर्दोष ठरविता येणार नाही. अक्षौहिणी सैन्याच्या संहाराने व्याकूळ झालेल्या राजाचे सांत्वन करण्यास आठ अर्हत येतात आणि सांगतात, की या युद्धात माणसे मेली ती दीडच: एक त्रिशरण घेतलेला, दुसरा पंचशील पाळणारा; उरलेले पशुतुल्य. मूळ शब्द 'दियड्ढ'. मराठी 'दीड' त्याच कुळातला, द्व्यर्ध या संस्कृत शब्दापासून आलेला. बाजारातल्या मापाचा हा शब्द माणसांना लावताना कवीची लेखणी अडखळत नाही.

याच अध्यायाच्या अखेरीस राजाला आठवते, की संघाला वाटा न देता आपण एक मिरी खाल्ली होती. आणि त्याचे प्रायश्चित्त मात्र तो आवश्यक मानतो. त्यासाठी उभारलेल्या मरिचवट्टी विहाराला सव्विसावा अध्याय वाहिलेला आहे. या दोन प्रसंगांच्या सान्निध्यात काहींना उपरोध दिसेल; परंतु प्रत्येक अध्यायाच्या शेवटी सज्जनांच्या ठायी 'प्रसाद' आणि 'संवेग' उत्पन्न करण्याचा हेतू नोंदविणाऱ्या कवीने येथे उपरोध योजला असेल, हे संभवत नाही. मिरीचा हिशेब त्याने मनापासूनच मांडला आहे.