गॅस जाळावा की उष्णता ओढून आणावी?

केंब्रिजचे भौतिकशास्त्रज्ञ डेव्हिड मॅके यांचे ‘सस्टेनेबल एनर्जी – विदाउट द हॉट एअर’ हे पुस्तक २००८ साली प्रसिद्ध झाले. नावातच श्लेष आहे: पोकळ बाता नकोत, आकडे बोलू देत. त्यातील घरे उबदार ठेवण्याविषयीचे प्रकरण शिक्षकांनी जरूर वाचावे. मात्र त्यातील एक आकडा पारखून घ्यावा, असे आम्हांस वाटते.

ब्रिटनमधील बहुसंख्य घरांत गॅसचा बॉयलर असतो. त्यात तापलेले पाणी रेडिएटरमधून खोल्याखोल्यांत फिरते. आधुनिक बॉयलर गॅसमधील सुमारे ९० टक्के उष्णता घरात पोचवतो. याहून चांगले काय असू शकेल? मॅके यांचे उत्तर आहे, उष्णतापंप. आपला फ्रीज आतली उष्णता ओढून मागे बाहेर टाकतो. हा पंप घराबाहेरच्या थंड हवेतील उष्णता ओढून घरात आणतो. वीज खर्च होते ती या वाहतुकीसाठी. एका युनिट विजेत जितकी युनिटे उष्णता घरात येते, त्या संख्येला आपण गुणांक म्हणू.

आता हिशोब करू. वीज गॅस जाळूनच केली, केंद्राची कार्यक्षमता ५० टक्के आणि वहनातील घट ८ टक्के धरली, तर १०० युनिट गॅसपासून ४६ युनिट वीज घरी पोचते. गुणांक ३ असेल तर उष्णता मिळते १३८ युनिट. बॉयलर देतो ९०. यात ऊर्जेच्या अक्षय्यतेचा भंग झाला का? नाही, उरलेली उष्णता बाहेरच्या हवेतून आली. वर्गात हा प्रश्न अवश्य विचारावा.

आमचा आक्षेप गुणांकाबद्दल आहे. मॅके जपानमधील ४.९ गुणांकाच्या पंपांचा दाखला देतात. पण गुणांक एकट्या यंत्राचा नसतो, घराचाही असतो. बाहेर ०° सेल्सिअस असताना पाणी ३५ अंशांपर्यंत तापवायचे तर आदर्श गुणांक ३०८ ÷ ३५, म्हणजे ८.८ येतो, ५५ अंशांसाठी ३२८ ÷ ५५, म्हणजे जेमतेम ६. प्रत्यक्षात याच्या निम्माही मिळणे कठीण. जुन्या घरांतील लहान रेडिएटरना कढत पाणीच लागते. ब्रिटिश सरकारच्या प्रकल्पात ७४२ घरांत पंप बसवले, तेव्हा हवेतून उष्णता घेणाऱ्या पंपांचा मध्यक गुणांक सुमारे २.८ आला. म्हणजे १३८ ऐवजी १२९. मॅके यांचा मुद्दा टिकतो, पण त्यांनी रंगवला तितका तो घसघशीत राहत नाही.

दुसरी उणीव त्यांनी जाणूनबुजून ठेवलेली आहे. पुस्तक भौतिक मर्यादांचे आहे, अर्थकारणाचे नाही, असे ते सांगतात. पण ब्रिटनमध्ये अलीकडे विजेचे युनिट गॅसच्या सुमारे चौपट महाग आहे. २.८ युनिट उष्णतेसाठी पंपाला १ युनिट वीज लागते, तिची किंमत ४, बॉयलरला ३.१ युनिट गॅस लागतो, त्याची किंमत ३.१. देशाचा गॅस वाचतो आणि घरमालकाचे बिल वाढते! बॉयलर अजून भिंतीवर का आहेत, हे या पुस्तकातून कळत नाही.

तरीही पुस्तकाची पद्धत मोलाची आहे. मॅके सर्व काही किलोवॅट-तासांत मोजतात, म्हणजे आपल्या लाइटबिलावरचेच युनिट. १४.२ किलोच्या सिलिंडरमध्ये अशी सुमारे १८० युनिटे असतात. घरचा सिलिंडर किती दिवस पुरतो हे विद्यार्थ्यांनी विचारून यावे आणि रोजची युनिटे काढावीत. आकडा स्वतः काढला की दुसऱ्याचा आकडा पारखता येतो.