‘हिदाया’चे इंग्रजी रूप आणि लेकींचा वाटा

समीक्षेच्या पानांवर कायद्याचे पुस्तक कशाला, असे कुणी विचारील. पण ज्या भाषांतराने आमच्या समाजाचे घरदार, मेहर आणि वारसा यांवर निकाल दिले, त्याची समीक्षा आम्ही नाही तर कुणी करायची?

‘हिदाया’ हा बुऱ्हानुद्दीन मरगिनानी यांचा बाराव्या शतकातील अरबी ग्रंथ, हनफी फिकहचा. १७७२ साली वॉरन हेस्टिंग्जने विवाह, वारसा अशा बाबींत मुसलमानांना कुराणाचा कायदा लावण्याचे ठरवले. इंग्रज न्यायाधीशाला अरबी कुठून येणार? मौलवींकडून फारसी तर्जुमा करवला गेला आणि त्यावरून चार्ल्स हॅमिल्टनने १७९१ मध्ये इंग्रजी ‘हिदाया’ सिद्ध केला. भाषांतराचे भाषांतर! त्यात नमाज, रोजा, हज यांची प्रकरणे गाळली. मुळात इबादत आणि व्यवहार एका विणीचे होते. इथे वीणच उसवली. इमाम अबू हनीफा आणि त्यांचे शागीर्द यांचे मतभेद ग्रंथात शेजारी नांदतात. कोर्टात मात्र एक मत निकाल ठरले, आणि तोच पुढच्या खटल्याचा दाखला. १८६४ मध्ये कोर्टांतील काझी-मुफ्तींचे सल्लागारपदही संपले.

इथवर दोष साहेबाचा. पण एवढ्यावर थांबणे आम्हांला प्रामाणिकपणाचे वाटत नाही. १८४७ साली मुंबईच्या सुप्रीम कोर्टात खोजा आणि कच्छी मेमन घराण्यांतील मुलींनी कुराणाने दिलेला वाटा मागितला. सर अर्स्किन पेरी यांनी मुलींना वारसा न देण्याची जमातीची वहिवाट उचलून धरली. मुली हरल्या. त्या वहिवाटीची साक्ष कुणा परक्याने दिली नव्हती. ती जमातीतूनच आली होती.

१९३७ च्या शरियत कायद्याने वारशातील वहिवाट हटवली, पण शेतजमीन वगळली. खेड्यात जमीन हीच मालमत्ता. मग लेकीच्या हाती काय उरले?

शरियतवर कुणी बोट ठेवले की आम्ही खवळतो. बहिणीकडून हक्कसोडपत्रावर सही घेताना मात्र तीच शरियत आम्हांला आठवत नाही. हॅमिल्टनने ग्रंथाची पाने गाळली. लेकीच्या वाट्याचे पान आम्ही स्वतःच्या हाताने गाळतो.