टेपने मोजलेला घोडा: एका सूत्राची उलटतपासणी

संशोधन प्रस्तावात 'मापनपद्धती' लिहायची वेळ आली की आपण एखादं जुनं, भरपूर वापरलेलं सूत्र उचलतो आणि पुढे सरकतो. आज असंच एक सूत्र तपासू: हौसेसाठी पाळलेल्या घोड्याचं वजन काढण्याचं.

कॅरोल आणि हंटिंग्टन यांचा हा शोधनिबंध 1988 चा. छातीच्या घेराचा वर्ग, गुणिले अंगाची लांबी, भागिले सुमारे 11,900. मापं सेंटिमीटरमध्ये, उत्तर किलोत. घेर 150 आणि लांबी 130 असेल तर वजन साधारण 246 किलो. जनावर चढवायचा काटा सगळीकडे कुठे असतो? तिथे साधी टेप कामाला येते. या निबंधाचं मोठेपण ते आहे.

आता खोट बघा. घेराचा वर्ग होतो, त्यामुळे टेप 3 सेंटिमीटर सैल पडली तर वजन 10 किलोंनी वाढतं. घोडा तोच! दुसरं, 11,900 ही त्यांनी मोजलेल्या घोड्यांवरून काढलेली सरासरी. आपल्या दख्खनच्या बुटक्या, काटक भीमथडीला ती तशीच लागू पडेल, हे गृहीतक झालं, पुरावा नव्हे.

मग खुराकाचं काय? घोड्याला रोज वजनाच्या साधारण 2 टक्के कोरडा चारा लागतो, म्हणजे वरच्या घोड्याला 5 किलो. पण 'कोरडा' म्हणजे पाणी वजा करून. हिरव्या गवतात पाऊण हिस्सा पाणी धरलं तर तेच 20 किलो होतं. वजनात 10 किलोंची चूक झाली तर चाऱ्यात 200 ग्रॅमचा फरक पडतो. ओलं-सुकं न पाहिल्यास चौपट.

इथे नगर जिल्ह्यातलं हिवरे बाजार आठवतं. गाव घोड्यांचं नाही, गवताचं आहे. तिथलं गवत 2000 मधल्या 100 टनांवरून 2004 मध्ये 6,000 टनांवर गेलं, हा आकडा सगळीकडे दिला जातो. पण हे टन ओल्या गवताचे की वाळलेल्या? ते कळल्याशिवाय त्यावर किती जनावरं पोसतील हे सांगता येत नाही. एक गोष्ट मात्र शिकण्यासारखी: चराईबंदीमुळे तिथे गवत कापून आणावं लागतं. कापलेला भारा तोलता येतो, मोकळं चरलेलं नाही.

वजनाच्या जोडीला हेनेके यांची 1983 ची अंगलट-श्रेणी वापरतात: 1 ते 9 गुण, मान, खांदा, बरगड्या अशा सहा जागा बघून-चाचपून. ती क्वार्टर हॉर्स जातीच्या घोड्यांवर (माद्यांवर) बेतलेली, शिवाय गुण देणाऱ्याच्या हातावर अवलंबून. म्हणून दोघांनी स्वतंत्र गुण द्यावेत आणि ते किती जुळतात ते नोंदवावं.

माझं मत असं: सूत्र टाकाऊ नाही, त्याचा उपयोग चुकतो. एकाच माणसाने, त्याच जागी, दर पंधरवड्याला टेप लावली तर सूत्राची कायमची चूक दरवेळी सारखीच राहते आणि चढ-उतार दिसतो. बसून खाणाऱ्या घोड्याचं अंग सुटतंय हे वेळीच कळलं, तर खुरांच्या आतल्या वेदनादायक दाहाचा धोका कमी करता येतो. जंताच्या औषधाचा डोस ठरवायचा असेल, तर मात्र खरं वजन हवं, कारण कमी डोस वाया जातो.

तेव्हा प्रस्तावात सूत्राखाली एक ओळ जरूर लिहा: या आकड्यावरून मी कोणता निर्णय घेणार आहे?