जो फ्रेझरची कारकीर्द : एक पुनर्मूल्यांकन

प्रस्तावना

व्यावसायिक मुष्टियुद्धाच्या इतिहासात १९६० ते १९८० हा कालखंड हेवीवेट गटाच्या वैभवाचा मानला जातो. या कालखंडावर विपुल लेखन झाले आहे. परंतु त्यातील बहुतांश लेखनाच्या केंद्रस्थानी मुहम्मद अली आहे. परिणामी त्याच्या समकालीनांची कारकीर्द स्वतंत्रपणे न वाचता अलीच्या चरित्रातील एखादे प्रकरण म्हणून वाचली जाते. अमेरिकी मुष्टियोद्धा जो फ्रेझर (१९४४-२०११) हे याचे ठळक उदाहरण होय. अलीला व्यावसायिक कारकिर्दीतील पहिला पराभव पत्करायला लावणारा हा विजेता लोकस्मृतीत मात्र 'अलीचा प्रतिस्पर्धी' म्हणूनच उरला. एखाद्या कर्तृत्वाचे मूल्यमापन त्या कर्तृत्वाच्या आधारे होते की त्याविषयी अधिक प्रभावीपणे बोलणाऱ्याच्या शब्दांच्या आधारे, हा प्रश्न या उदाहरणातून उपस्थित होतो. प्रस्तुत लेखात याच प्रश्नाच्या अनुषंगाने फ्रेझरच्या कारकिर्दीची चिकित्सा केली आहे.

जडणघडण

फ्रेझरचा जन्म साउथ कॅरोलायना राज्यातील ब्यूफर्ट या परिसरात एका गरीब, कृष्णवर्णीय, शेतीवर राबणाऱ्या कुटुंबात झाला. वर्णविभाजनाच्या कायद्यांनी बांधलेल्या दक्षिणेतील हे बालपण होते. लहानपणी पाठीमागे लागलेल्या डुकरापासून पळताना तो पडला आणि त्याचा डावा हात दुखावला. तो हात पुढे कधीच पूर्णपणे सरळ झाला नाही. कोपरात वाकलेला राहिलेला हाच हात नंतर त्याचे प्रमुख अस्त्र ठरला. 'लेफ्ट हुक' म्हणजे बाजूने वळवून मारलेला डाव्या हाताचा ठोसा. या प्रकारात त्याची बरोबरी करणारे हेवीवेट इतिहासात मोजकेच आढळतात.

किशोरवयात त्याने दक्षिण सोडली आणि काही काळाने तो फिलाडेल्फियात स्थायिक झाला. तेथील कत्तलखान्यात तो काम करीत असे. १९६४ च्या टोकियो ऑलिंपिकसाठीच्या निवड स्पर्धेत बस्टर मॅथिसने त्याचा पराभव केला होता. मॅथिस जायबंदी झाल्यामुळे फ्रेझरला पाठविण्यात आले. उपान्त्य लढतीत डाव्या हाताचा अंगठा मोडलेला असतानाही त्याने अंतिम लढत जिंकली आणि सुवर्णपदक मिळविले. पर्यायी खेळाडू म्हणून मिळालेली संधी आणि दुखापत लपवून मिळविलेले यश ही दोन्ही वैशिष्ट्ये त्याच्या पुढील वाटचालीतही दिसून येतात.

विजेतेपदाच्या वैधतेचा प्रश्न

१९६५ मध्ये फ्रेझर व्यावसायिक मुष्टियुद्धात उतरला. १९६७ मध्ये व्हिएतनाम युद्धासाठी लष्करी सेवेत दाखल होण्यास नकार दिल्यामुळे अलीचे विजेतेपद काढून घेण्यात आले आणि त्याचा परवानाही रद्द झाला. रिक्त पदासाठी जागतिक मुष्टियुद्ध संघटनेने आठ जणांची स्पर्धा भरवली. फ्रेझरने तीत भाग घेतला नाही. मार्च १९६८ मध्ये मॅथिसला हरवून त्याने न्यूयॉर्क राज्याच्या आयोगाची मान्यता असलेले विजेतेपद मिळविले. पुढे १६ फेब्रुवारी १९७० रोजी त्या स्पर्धेचा विजेता जिमी एलिस यालाही पराभूत करून त्याने विभागलेले विजेतेपद एकत्र आणले.

तरीही हे पद 'उसने' आहे, ही भावना कायम राहिली. खरा विजेता रिंगणाबाहेर असताना मिळविलेल्या पदाला कितपत अर्थ आहे, हा आक्षेप निराधार म्हणता येणार नाही. परंतु त्याचे उत्तर ८ मार्च १९७१ रोजी न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये मिळाले. दोघेही तोवर अपराजित होते आणि प्रत्येकाला २५ लाख डॉलर मानधन ठरले होते. पंधराव्या फेरीत फ्रेझरच्या लेफ्ट हुकने अलीला खाली पाडले आणि तिन्ही पंचांनी फ्रेझरच्या बाजूने कौल दिला. वैधतेचा प्रश्न रिंगणात निकाली निघाला. लोकमानसात मात्र तो निकाली निघाला नाही. याची कारणे मुष्टियुद्धाबाहेर शोधावी लागतात.

प्रतिमेचे राजकारण

लढतीपूर्वी अलीने फ्रेझरला 'अंकल टॉम', म्हणजे गोऱ्यांची मर्जी सांभाळणारा कृष्णवर्णीय, असे संबोधले. व्हिएतनाम युद्धावरून दुभंगलेल्या समाजात ही मांडणी सहज रुजली. अली म्हणजे बंडखोरी आणि फ्रेझर म्हणजे प्रस्थापित व्यवस्था, असे समीकरण तयार झाले. वस्तुस्थितीच्या कसोटीवर हे समीकरण टिकत नाही.

पहिला मुद्दा सामाजिक पार्श्वभूमीचा. अली हा केंटकीतील लुईव्हिल शहरात फलक रंगविणाऱ्या पित्याचा मुलगा होता. वर्णभेदाची झळ त्यालाही बसली हे निर्विवाद. परंतु ग्रामीण दक्षिणेतील दारिद्र्य आणि कत्तलखान्यातील श्रम फ्रेझरच्या वाट्याला आले होते. दुसरा मुद्दा आर्थिक पाठबळाचा. फ्रेझरमागे फिलाडेल्फियातील गुंतवणूकदारांची 'क्लोव्हरले' ही संस्था होती, हे त्याच्या विरोधात सांगितले जाते. परंतु १९६० मध्ये अलीचा पहिला व्यावसायिक करारही लुईव्हिलमधील अकरा गोऱ्या व्यावसायिकांच्या गटाशीच झाला होता. भांडवलाचा स्रोत सारखाच असताना एकाच्या बाबतीत तो लाचारीचा पुरावा ठरावा आणि दुसऱ्याच्या बाबतीत केवळ तपशील, हा निकष दुटप्पी आहे.

तिसरा मुद्दा अधिक महत्त्वाचा आहे. अलीचा परवाना परत मिळावा यासाठी आपण प्रयत्न केले, त्याच्या अडचणीच्या काळात त्याला साहाय्य केले, असे फ्रेझरने सांगितले आहे. १९७१ च्या विजयानंतर साउथ कॅरोलायनाच्या विधिमंडळासमोर त्याचे भाषण झाले. ज्या राज्याच्या वर्णविभाजित व्यवस्थेत त्याचे बालपण गेले, त्याच राज्याच्या सभागृहात कृष्णवर्णीय विजेत्याने उभे राहणे ही राजकीय अर्थ असलेली घटना होती. परंतु फ्रेझरजवळ अलीची वाक्पटुता नव्हती. तो आपली बाजू मांडू शकला नाही आणि जे मांडले गेले नाही ते घडलेच नाही असे गृहीत धरले गेले.

अलीच्या युद्धविरोधी भूमिकेचे नैतिक मोल यामुळे कमी होत नाही. त्या भूमिकेसाठी त्याने ऐन उमेदीची साडेतीन वर्षे गमावली. मात्र एकाच्या नैतिक उंचीसाठी दुसऱ्याला खुजे ठरविणे आवश्यक नव्हते, एवढाच येथे मुद्दा आहे. मार्क क्रॅम या क्रीडालेखकाने 'घोस्ट्स ऑफ मनिला' (२००१) या पुस्तकात अलीच्या दैवतीकरणाची कठोर चिकित्सा केली. त्या पुस्तकाने वादाला तोंड फोडले. परंतु प्रस्थापित प्रतिमेला प्रश्न विचारण्याचे श्रेय त्याला द्यावे लागते.

मर्यादांची चिकित्सा

पुनर्मूल्यांकन म्हणजे गौरवीकरण नव्हे. फ्रेझरच्या कारकिर्दीतील उणिवाही नोंदवल्या पाहिजेत. अलीवरील विजयानंतर जवळपास दोन वर्षांत त्याने केवळ दोनदा विजेतेपद पणाला लावले आणि टेरी डॅनियल्स व रॉन स्टँडर हे दोन्ही प्रतिस्पर्धी तुलनेने दुबळे होते. त्याची शैलीही एकमार्गी होती. खाली वाकत, डोलत प्रतिस्पर्ध्याच्या जवळ जायचे आणि ठोसे झेलत ठोसे मारायचे, ही पद्धत उंच आणि प्रचंड ताकदीच्या मुष्टियोद्ध्यापुढे घातक ठरली. २२ जानेवारी १९७३ रोजी किंग्स्टन येथे जॉर्ज फोरमनने दोन फेऱ्यांत त्याला सहा वेळा खाली पाडले. १९७६ मध्येही फोरमनविरुद्ध त्याला यश आले नाही.

एकूण आकडेवारी मात्र बोलकी आहे : ३७ लढती, ३२ विजय, त्यांपैकी २७ नॉकआउट, एक बरोबरी आणि चार पराभव. हे चारही पराभव अली आणि फोरमन या दोघांकडूनच झाले. या दोघांखेरीज कोणीही त्याला हरवू शकले नाही.

मनिला आणि त्यानंतर

१ ऑक्टोबर १९७५ रोजी फिलिपिन्समधील मनिला महानगरात झालेली तिसरी लढत दोघांच्याही कारकिर्दीचा कळस मानली जाते. लढतीपूर्वी अलीने फ्रेझरची तुलना गोरिलाशी केली आणि पत्रकारांसमोर रबरी बाहुलीही दाखवली. वर्णद्वेषी भाषेतील ही उपमा एका कृष्णवर्णीयाने दुसऱ्या कृष्णवर्णीयासाठी वापरली, यातील विसंगतीकडे तत्कालीन वृत्तांकनाने विनोद म्हणूनच पाहिले. उकाड्यात चौदा फेऱ्या झाल्या. फ्रेझरचे डोळे सुजून त्याला समोरचे दिसेनासे झाले होते. तो लढण्यास तयार असतानाही प्रशिक्षक एडी फच याने पंधराव्या फेरीपूर्वी लढत थांबवली. विजेतेपदापेक्षा शिष्याचा जीव मोलाचा मानणारा हा निर्णय मुष्टियुद्धाच्या नीतिविचारात मैलाचा दगड आहे. अलीनेही हा अनुभव मृत्यूच्या निकट नेणारा असल्याचे सांगितले.

१९८१ मधील एका बरोबरीच्या लढतीने फ्रेझरची कारकीर्द संपली. उत्तरायुष्यात त्याची कटुता वाढत गेली. अलीच्या आजाराचे श्रेय स्वतःच्या ठोशांना देणारी त्याची विधाने समर्थनीय नाहीत. २००१ मध्ये अलीने आपल्या जुन्या वक्तव्यांबद्दल वृत्तपत्राद्वारे खेद व्यक्त केला, तोवर तीन दशके उलटून गेली होती. २०११ मध्ये फ्रेझरच्या अंत्यविधीस अली उपस्थित राहिला.

फिलाडेल्फियाच्या सार्वजनिक स्मृतीतही हेच विपरीत चित्र दिसते. 'रॉकी' (१९७६) या चित्रपटातील नायक कत्तलखान्यातील मांसाच्या धडांवर ठोशांचा सराव करतो. आपणही तसाच सराव करीत होतो, असे फ्रेझर सांगत असे. या कल्पित नायकाचा पुतळा पुढे १९८२ च्या चित्रपटानिमित्त घडविला गेला आणि तो शहराचे आकर्षण बनला. त्याच शहरात घडलेल्या खऱ्या विजेत्याच्या पुतळ्याचे अनावरण मात्र २०१५ मध्ये, त्याच्या मृत्यूनंतर चार वर्षांनी झाले. फ्रेझरची व्यायामशाळा २००८ मध्ये बंद पडली होती. त्या वास्तूला राष्ट्रीय ऐतिहासिक स्थळांच्या सूचीत स्थान मिळाले तेही त्याच्या पश्चात, २०१३ मध्ये.

समारोप

वरील विवेचनावरून असे दिसते की, फ्रेझरच्या उपेक्षेचे कारण त्याच्या क्रीडाकर्तृत्वात नाही. ते त्या कर्तृत्वाच्या कथनात आहे. प्रतिस्पर्ध्याने प्रचाराच्या भरात दिलेली विशेषणे वृत्तपत्रांनी उचलली, चरित्रकारांनी ती पुढे नेली आणि कालांतराने ती इतिहास म्हणून स्वीकारली गेली. क्रीडेतिहासाच्या अभ्यासकाने अशा विशेषणांना पुरावा मानता कामा नये. त्यांचा उगम, वापर आणि परिणाम हाच अभ्यासाचा विषय झाला पाहिजे. फ्रेझरच्या कारकिर्दीचा स्वतंत्र विचार केल्याने अलीचे महत्त्व उणावत नाही. उलट ज्याच्याशी झुंजताना ते सिद्ध झाले, त्या प्रतिस्पर्ध्याचे खरे मोल कळल्याने ते अधिक नेमके होते.