'के जीवनसत्त्वा'तला के नक्की कुठला?

मागच्या वर्षी एका सेमिनारमध्ये मी बिनधास्त सांगून टाकलं, 'के म्हणजे जर्मन भाषेतलं कोआग्युलेशन, रक्त गोठणं.' गाईडनी एवढंच विचारलं, "मूळ पेपर बघितलास का गं?" नव्हता बघितला. तीन ठिकाणी तेच वाक्य सापडलं, म्हणून खरं धरलं होतं.

मग शोधायला बसले. हे जीवनसत्त्व शोधणारा हेन्रिक डाम डेन्मार्कचा, कोपनहेगन विद्यापीठातला. कोंबडीची पिल्लं शरीरात कोलेस्टेरॉल बनवू शकतात का, एवढंच त्याला तपासायचं होतं. त्यासाठी स्निग्धांश जवळजवळ काढून टाकलेलं खाद्य दिलं, तर पिल्लांना कातडीखाली आणि स्नायूंत रक्तस्राव व्हायला लागला. रक्त गोठायलाही वेळ लागत होता. 'क' जीवनसत्त्व देऊन बघितलं, उपयोग नाही. कमतरता वेगळ्याच कशाची तरी होती. १९३५ मध्ये 'नेचर'मध्ये, म्हणजे इंग्रजीत, त्यानं त्याला के म्हटलं. पुढे १९४३ चं नोबेल त्याला आणि एडवर्ड डॉइझीला मिळून मिळालं.

नोबेल व्याख्यानात डामनं या नावाची दोन कारणं दिलीत. पहिलं अगदी साधं: जीवनसत्त्वांसाठी तोवर न वापरलेलं पहिलं अक्षर के होतं. आणि योगायोगानं स्कँडिनेव्हियन व जर्मन स्पेलिंगमध्ये कोआग्युलेशनची सुरुवातही के नंच होते.

आपल्या नोट्समध्ये पहिलं कारण गायब, दुसऱ्यातलं अर्धं गायब. डॅनिश माणसानं स्वतःच्या भाषेचं स्पेलिंग आधी सांगितलं आणि आपण उरवली फक्त जर्मन! सगळंच चूक असतं तर कोणीतरी कधीच पकडलं असतं. अर्धं बरोबर असल्यामुळे ते चालून जातं. (खरं तर शब्द लॅटिनमधून आलाय. 'कोआग्युलम' म्हणजे दूध गोठवणारं रेनेट.)

मराठीत तर आणखी मजा. इंग्रजी सी ला आपण 'क' केलं, त्यामुळे 'क जीवनसत्त्व' आवळ्या-लिंबातलं, आणि खऱ्या के ला 'के' असंच ठेवावं लागलं. डामनं पिल्लांना देऊन बघितलेलं 'क' ते हेच.

माझ्या थिसिसच्या पहिल्या प्रकरणात आता दोन्ही कारणं आहेत, संदर्भ थेट डामच्या व्याख्यानाचा. ती जुनी स्लाइड मात्र डिपार्टमेंटमध्ये अजून फिरतेय. कुणाला मिळाली तर कृपया वापरू नका.